घराघरांत समुद्र पोचवणारा माणूस : फिलिप हेन्री गॉस आणि तुमची पहिली रीफ टँक

पहिली रीफ टँक लावायची ठरली की आपण फोन काढतो आणि तीन गोष्टी शोधतो. लाइट कोणता, फिल्टर कोणता आणि एकूण खर्च किती? माझ्याकडे घरी ९० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे हे कळल्यापासून मित्रमंडळींचे हेच तीन प्रश्न मलाही येतात. मी उत्तरं देतो, पण त्याआधी एक गोष्ट सांगतो. ती एका माणसाची आहे. त्याच्याकडे एलईडी नव्हते, पंप नव्हता, टेस्ट किट नव्हतं आणि पाण्यात नक्की काय घडतंय याची अर्धी माहितीसुद्धा तेव्हा जगात कुणाला नव्हती. तरीही त्याने समुद्रातले जीव काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून दाखवले, ते कसं करायचं हे सगळ्यांना लिहून दिलं आणि आज आपण वापरतो तो ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ केला.

त्याचं नाव फिलिप हेन्री गॉस. इंग्लंडमधला निसर्गअभ्यासक, चित्रकार, लेखक. जन्म १८१०, मृत्यू १८८८. त्याची गोष्ट मला सांगावीशी वाटते कारण तिच्यात या छंदाचं सगळं चांगलं आहे आणि या छंदाचं सगळ्यात मोठं नुकसानही आहे.

आत्याने लावलेलं वेड

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० चा, वूस्टर शहरातला. तो वाढला मात्र पूल नावाच्या बंदराच्या गावात, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर. वडील फिरते चित्रकार. गावोगाव जाऊन लोकांची छोटी छोटी व्यक्तिचित्रं काढायची आणि त्यावर घर चालवायचं. पैसा बेताचाच. पण बारीक कुंचल्याने नेमकं चित्र काढायची कला मुलाकडे वडिलांकडूनच आली आणि पुढे तीच त्याच्या पुस्तकांची ताकद ठरली.

प्राण्यांचं वेड लावलं ते आत्याने. सुसान बेल ही वडिलांची बहीण. तिला निसर्गाचा नाद होता आणि तिचा मुलगा, म्हणजे गॉसचा आतेभाऊ थॉमस बेल, पुढे नावाजलेला प्राणिशास्त्रज्ञ झाला. किनाऱ्यावरच्या खडकांना चिकटलेली समुद्रफुलं, म्हणजे सी ॲनिमोन, समुद्राच्या पाण्यात ठेवली तर घरीही बघता येतील, हे छोट्या फिलिपला याच आत्याने सुचवलं. हे १८२० च्या आसपासचं. पुढे तीस वर्षांनी त्याने जे केलं त्याचं बी इथलं.

समुद्रफूल हे फूल नाही, प्राणी आहे. खडकाला चिकटून बसतो, पाकळ्यांसारखे हात पसरतो आणि जवळ आलेलं भक्ष्य पकडतो. प्रवाळ म्हणजे कोरल हे त्याचेच भाऊबंद. फरक इतकाच की दगडी प्रवाळ स्वतःभोवती चुन्याचा सांगाडा बांधतं. हा चुना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कारकून, शेतकरी, मास्तर

पंधराव्या वर्षी गॉस पूलच्या एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून लागला. १८२७ मध्ये, सतराव्या वर्षी, त्याला जहाजाने अटलांटिकपार न्यूफाउंडलंडच्या कार्बनियर बंदरात पाठवलं. तिथे सील आणि कॉड माशांचा व्यापार चालायचा आणि हा हिशेबाच्या वह्या लिहायचा. आठ वर्षं हेच. पण १८३२ मध्ये त्याने सूक्ष्मदर्शकावरचं एक जुनं पुस्तक विकत घेतलं आणि फावल्या वेळात तो किडे गोळा करू लागला, त्यांची चित्रं काढू लागला, नोंदी ठेवू लागला. आपल्या भाषेत सांगायचं तर डे जॉब एक आणि साइड प्रोजेक्ट दुसरा. त्याच वर्षी तो धर्माकडेही पूर्ण मनाने वळला. निसर्ग आणि श्रद्धा या दोन्ही गोष्टी त्याने मरेपर्यंत सोडल्या नाहीत.

१८३५ मध्ये नोकरी सोडून तो कॅनडात शेती करायला गेला. तीन वर्षांत शेती बसली. १८३८ मध्ये तो अमेरिकेतल्या अलाबामात मळेवाल्यांच्या मुलांना शिकवायला गेला. तिथली फुलपाखरं त्याला आवडली, तिथली गुलामगिरी मात्र सहन होईना. आठ महिन्यांत तेही सोडलं आणि १८३९ मध्ये तो इंग्लंडला परतला. वय २८. हातात नोकरी नाही, पैसा नाही. होती ती वह्यांची थप्पी. त्या वह्यांतून १८४० मध्ये त्याचं पहिलं पुस्तक निघालं, कॅनडाच्या निसर्गावरचं.

१८४४ मध्ये तो पक्षी आणि इतर नमुने गोळा करायला जमैकात गेला आणि सुमारे दीड वर्ष राहिला. तिथे सॅम्युएल कॅम्पबेल नावाचा एक तरुण स्थानिक मदतनीस त्याच्याबरोबर होता. गॉसने पुस्तकात त्याचं नाव घेऊन श्रेय दिलं आहे. त्या काळात बहुतेक गोरे संग्राहक हे करत नसत.

१८४८ मध्ये त्याचं लग्न एमिली बोव्स हिच्याशी झालं. ती स्वतः लेखिका होती. १८४९ मध्ये मुलगा झाला, एडमंड. त्या दिवसाच्या डायरीत गॉसने एकाच नोंदीत दोन बातम्या लिहिल्या आहेत. मुलगा झाला आणि जमैकाहून हिरवी पाकोळी मिळाली. माणूस कसा होता ते एवढ्यावरून कळतं.

मोलकरणीच्या हातचा एअर पंप

गॉस या विषयात शिरला तेव्हा दोघांनी वाट अर्धी करून ठेवली होती.

पहिली ॲना थिन. लंडनमधल्या एका मोठ्या पाद्र्याची बायको. १८४६ मध्ये ती टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेली, तिथली छोटी दगडी प्रवाळं तिला आवडली आणि तिने ती लंडनला न्यायचं ठरवलं. प्रवासात हिंदकळू नयेत म्हणून सुईदोऱ्याने मोठ्या स्पंजला टाचून बरणीत ठेवली. लंडनमध्ये समुद्र नाही, ताजं पाणी रोज आणणार कुठून? मग तिने घरच्या मोलकरणीला कामाला लावलं. उघड्या खिडकीपाशी उभं राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं. रोज अर्धा ते पाऊण तास. आज आपल्या टाकीत वेव्हमेकर आणि स्किमर जे करतात, म्हणजे पाण्यात हवा मिसळणं, ते काम ती बाई हाताने करत होती. तिचं नाव कुठेही नोंदवलेलं नाही. पुढे थिनने भांड्यात समुद्रशैवाल ठेवलं आणि तिची प्रवाळं जवळपास तीन वर्षं जगली. तिच्या या नोंदी १८५९ मध्ये गॉसनेच छापून आणल्या.

दुसरा रॉबर्ट वॉरिंग्टन, लंडनचा रसायनशास्त्रज्ञ. त्याने १८४९ मध्ये गोड्या पाण्यात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली. काही दिवसांत कुजकी पानं पाण्यात साठून पाणी गढूळ झालं. मग त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं आणि पाणी निवळलं. मासा श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो, वनस्पती तो घेऊन ऑक्सिजन देते आणि गोगलगाय सफाई करते. तिघांचा हिशेब जुळला तर पाणी बदलावं लागत नाही. सिस्टिम डिझाइनच्या भाषेत, प्रत्येक घटकाचं आउटपुट हे दुसऱ्याचं इनपुट.

डेव्हनच्या किनाऱ्यावर

१८५२ च्या सुरुवातीला गॉसची तब्येत बिघडली. जास्त काम, डोकेदुखी. डॉक्टरांचा सल्ला घेऊन तो बायको-मुलाला घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेला. विश्रांती राहिली बाजूला. ओहोटी लागली की हा हातोडी-छिन्नी घेऊन खडकांत.

हातोडी-छिन्नी का? कारण एक साधी गोष्ट त्याने नेमकी ओळखली. समुद्रशैवाल उपटून पाण्यात टाकलं तर ते कुजतं आणि सगळं भांडं नासवतं. ते ज्या खडकाला चिकटलंय त्या खडकाचा तुकडाच फोडून आणला तर ते जगतं. रीफ टँकवाले ज्याला लाइव्ह रॉक म्हणतात त्याची ही सुरुवात. खडकाबरोबर डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीवही टाकीत येत होते. तेच अर्धं काम करत होते, पण हे गॉसला ठाऊक नव्हतं.

त्याने काचेच्या भांड्यात समुद्राचं पाणी घेतलं, खडकासकट शैवाल ठेवलं, समुद्रफुलं आणि इतर छोटे जीव सोडले. पाणी न बदलता ते जगले. १८५२ मध्येच त्याने हे एका शास्त्रीय मासिकात छापलं.

मग चक्रं वेगाने फिरली. मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात फिश हाउस उघडलं. जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय. त्यासाठी किनाऱ्यावरून जीव गोळा करून पाठवणाऱ्यांत गॉस आघाडीवर होता. वेमथच्या किनाऱ्यावरून बरण्या रेल्वेने लंडनला जायच्या.

१८५४ मध्ये आलं त्याचं गाजलेलं पुस्तक, ‘द ॲक्वेरियम’. तोवर लोक या प्रकाराला व्हिव्हेरियम, ॲक्वा-व्हिव्हेरियम असं काहीबाही म्हणत. गॉसने सुटसुटीत शब्द निवडला. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ गुरांना पाणी पाजायची जागा असा होतो. शब्द चिकटला. पुस्तकातली रंगीत चित्रं गॉसने स्वतः काढली होती आणि ती बघूनच लोक वेडे झाले.

मिठाची पुडी

माझ्या मते गॉसचं सगळ्यात इंजिनिअरी काम याच वर्षातलं. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनी खारं पाणी आणायचं कुठून? त्याने ब्रायटनजवळच्या समुद्राच्या पाण्याचं आधीच झालेलं रासायनिक पृथक्करण घेतलं आणि त्यावरून घरी करता येईल अशी कृती बनवली. आजच्या मापात ती साधारण अशी :

- साधं मीठ, सुमारे ९९ ग्रॅम
- एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, सुमारे ७ ग्रॅम
- मॅग्नेशियम क्लोराइड, सुमारे १३ ग्रॅम
- पोटॅशियम क्लोराइड, सुमारे अडीच ग्रॅम
- पाणी, साडेचार लिटरला थोडं कमी

पाणी तयार झाल्यावर त्याने लगेच प्राणी सोडले नाहीत. आधी शैवाल ठेवलं, काही दिवस थांबला आणि मग जीव सोडले. ते जगले. कृती त्याने छापून टाकली. पेटंट नाही, गुपित नाही. लवकरच लंडनच्या केमिस्टकडे तयार मिठाच्या पुड्या मिळू लागल्या. आज आपण बादलीत जे रीफ सॉल्ट विरघळवतो त्याची ही पणजी.

आजच्या टाकीसाठी हे कसं वाचायचं? गॉसची कृती जशीच्या तशी वापरू नका. त्यात कॅल्शियम नाही. समुद्राच्या पाण्यात ते थोडंच असतं आणि शिंपल्यांच्या तुकड्यांतून मिळेल, असा त्याचा हिशेब होता. समुद्रफुलांचं त्यावर भागलं. पण दगडी प्रवाळ सांगाडा बांधतं तो कॅल्शियम कार्बोनेटचा. समुद्रात लिटरमागे सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि रीफ टँकमध्येही आपण ते ४०० ते ४५० च्या दरम्यान ठेवतो. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, मॅग्नेशियम १२५० ते १३५०. म्हणून ‘रीफ’ असं लिहिलेलं मीठ घ्यायचं आणि ते आरओ-डीआय पाण्यातच मिसळायचं. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार मोजमाप बिघडवतात आणि घरातल्या प्यायच्या आरओमध्ये बहुधा डीआयचा टप्पा नसतो. क्षारता ३५ पीपीटी, म्हणजे हजार ग्रॅम पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. ती मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. तापमान २५-२६ अंश. गॉसचे जीव थंड समुद्रातले होते, आपल्या दुकानांत मिळणारे उष्ण समुद्रातले. तरीही पुण्याच्या एप्रिलमध्ये पंखा किंवा चिलर लागतोच.

थांबण्याचं कारण त्याच्यानंतर कळलं

गॉस आणि वॉरिंग्टन दोघेही टाकीचा विचार ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड एवढ्यातच करत होते. खरा मारेकरी त्यांना दिसतच नव्हता. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे काम जिवाणूंचं आहे हे १८७७ मध्ये फ्रान्समध्ये दाखवलं गेलं. ते दोन टप्प्यांत होतं हे दाखवणाऱ्यांपैकी एक होता रॉबर्ट वॉरिंग्टन. हो, नाव तेच. पण हा मुलगा. बापाने गोल्डफिशची टाकी जुळवली आणि मुलाने शेतीच्या मातीवर काम करताना तिच्यातला न दिसणारा भाग शोधला. टाकी आणि माती यांचं कोडं एकच निघालं, ही गोष्ट मला फार आवडते.

यालाच आपण टाकी सायकल करणं म्हणतो. खडक, वाळू, खारं पाणी भरायचं, थोडा अमोनिया द्यायचा आणि अमोनिया-नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत मासा घालायचा नाही. साधारण चार ते सहा आठवडे लागतात. रिकाम्या टाकीकडे दीड महिना बघत बसणं सगळ्यांना जड जातं. डिलिव्हरी दहा मिनिटांत मिळायची सवय लागलेल्या आपल्या पिढीला तर फारच. पण जिवाणू आपल्या वेगाने वाढतात. त्यांना एक्स्प्रेस मोड नाही.

काच स्वस्त झाली, किनारा महागला

इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये रद्द झाला होता. रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. त्यात गॉसचं सोपं पुस्तक आणि १८५५ मध्ये त्याची छोटी हँडबुक. मग काय, दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी ही फॅशन झाली. लंडनमध्ये विल्यम आल्फर्ड लॉइड याने तर फक्त टाक्या, समुद्राचं पाणी आणि जिवंत समुद्री जीव विकणारं दुकान काढलं. हाच लॉइड पुढे मोठ्या मत्स्यालयांचा जाणकार झाला. १८७१ मध्ये उघडलेल्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात मोठा साठा जमिनीखाली ठेवून पाणी सतत फिरवत ठेवायची व्यवस्था त्याचीच. आपल्या टाकीखालच्या संपची कल्पना तीच.

पण टाकीत घालायचे जीव येत कुठून होते? सगळे किनाऱ्यावरून. हातोडी, छिन्नी, बरणी घेतलेली माणसं सुट्टीत रेल्वेने किनाऱ्यावर उतरायची आणि खडकांमधली डबकी खरवडून न्यायची. त्यातले बहुतेक जीव काही आठवड्यांत मरायचे, मग पुन्हा नवे आणायचे. गॉस एकटा होता तेव्हा त्याच्या हातोडीने समुद्राला काही फरक पडला नव्हता. तीच पद्धत हजारोंनी वापरल्यावर पडला. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हे रोज बघतो. एका युजरसाठी उत्तम चालणारी गोष्ट लाख युजरना मोडून पडते. फरक एवढाच की सर्व्हर नवीन घेता येतो. खडकावरची शंभर वर्षांची वसाहत ऑर्डर करता येत नाही.

अवघड वर्षं

१८५६ मध्ये गॉसला रॉयल सोसायटीची फेलोशिप मिळाली. कॉलेजची पायरीही न चढलेल्या माणसासाठी हा मोठा मान. पण पुढच्याच फेब्रुवारीत, १८५७ मध्ये, एमिली स्तनाच्या कर्करोगाने गेली. एडमंड सात वर्षांचा होता. गॉस मुलाला घेऊन कायमचा टॉर्कीजवळच्या सेंट मेरीचर्चला राहायला गेला.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचं ‘ओम्फॅलॉस’ हे पुस्तक आलं. जीवाश्म आणि खडकांचे थर सांगत होते की पृथ्वी फार जुनी आहे. त्याची श्रद्धा सांगत होती की ती देवाने थोड्याच काळापूर्वी घडवली. दोन्ही खरं ठरवण्यासाठी त्याने तोडगा काढला. देवाने पृथ्वी घडवतानाच जुनी दिसेल अशी घडवली, थर आणि जीवाश्मांसकट. आपल्या भाषेत, आज तयार केलेली रिपॉझिटरी, पण आतले सगळे कमिट मागच्या तारखांचे. याला खोटं ठरवणारा कुठलाच पुरावा असू शकत नाही आणि नेमकी तीच अडचण. शास्त्रज्ञांनी ते पुस्तक उडवून लावलं आणि धार्मिक मंडळींनाही ते रुचलं नाही. दोन वर्षांनी डार्विनचं पुस्तक आलं आणि जग पुढे निघून गेलं.

गॉस खचला, पण त्याचं निरीक्षण थांबलं नाही. मुलाला बरोबर घेऊन तो रोज ओहोटीला डबक्यांत उतरायचा. १८६० मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या समुद्रफुलांवरचं आणि प्रवाळांवरचं त्याचं मोठं सचित्र पुस्तक पूर्ण झालं. त्याच वर्षी त्याने एलायझा ब्राइटवेनशी दुसरं लग्न केलं. पुढची वर्षं ऑर्किड, सूक्ष्मदर्शक आणि आकाशदर्शन यात गेली. रोटिफर या सूक्ष्म जिवांवरचं त्याने सहलेखक म्हणून केलेलं काम १८८६ मध्ये छापून आलं, तेव्हा तो ७६ वर्षांचा होता. एका हिवाळ्यात रात्री उघड्या खिडकीतून दुर्बिणीने तारे बघताना त्याला थंडी बाधली आणि त्यातून तो सावरला नाही. २३ ऑगस्ट १८८८ ला तो गेला.

मुलाने लिहिलेला हिशेब

एडमंड मोठेपणी नावाजलेला साहित्यसमीक्षक झाला. १९०७ मध्ये त्याने ‘फादर अँड सन’ हे पुस्तक लिहिलं. वडिलांच्या कडक धर्मश्रद्धेशी त्याचं कसं बिनसलं, हे त्यात आहे. पण त्यात डबक्यांबद्दलही लिहिलंय. लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली रंगीत, काठोकाठ भरलेली डबकी नंतर राहिली नाहीत. गोळा करणाऱ्यांच्या फौजांनी ती रिकामी केली. त्याला वडिलांची लोकप्रिय पुस्तकं कारणीभूत होती आणि हे वडिलांना जिवंतपणीच कळलं होतं, त्याचा त्यांना फार त्रास झाला, असं तो सांगतो.

ज्या माणसाला प्रत्येक समुद्रफुलात देवाची कारागिरी दिसायची, त्याच्याच पुस्तकाने ती कारागिरी किनाऱ्यावरून पुसली गेली. गॉसने सगळं डॉक्युमेंटेशन उत्तम केलं होतं. मीठ किती, खडक कसा फोडायचा, कुठला जीव कुणाबरोबर ठेवायचा. एकच ओळ राहिली. हे सगळ्यांनी केलं तर किनाऱ्याचं काय होईल?

ती राहिलेली ओळ आपण लिहायची

आपल्याकडे ती ओळ आता कायद्यात आहे. भारताच्या समुद्रातली दगडी प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. समुद्रघोडेही तिथेच. ती समुद्रातून काढणं, विकणं, घरी बाळगणं हा गुन्हा. मालवणच्या समुद्रात प्रवाळं आहेत आणि तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे स्नॉर्कलिंग करून बघा, तुकडासुद्धा उचलू नका. परदेशी दगडी प्रवाळं आणि लाइव्ह रॉक यांच्या व्यापारावर साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन आहे.

म्हणून पहिल्या टाकीसाठी माझा क्रम असा आहे :

- टाकी : ७५ ते १०० लिटर. फार लहान टाकीत पाण्याचे आकडे झटकन हलतात, नवख्याला ते सांभाळणं कठीण.
- खडक : कोरडा किंवा कृत्रिम. जिवाणू त्याच्यावरही वसतात, फक्त वेळ थोडा जास्त घेतात.
- पाणी : आरओ-डीआय आणि रीफ सॉल्ट. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणीच टाकायचं, कारण मीठ उडत नाही.
- वीज : पाणी फिरवणारा एक पंप इन्व्हर्टरवर ठेवा. वीज गेली की लाइट थांबला तरी चालतो, पाणी थांबून चालत नाही.
- थांबा : अमोनिया आणि नायट्राइट शून्य. आकडे फोनवर तारखेसह लिहून ठेवा.
- पहिला मासा : टाकीत पैदास झालेला क्लाउनफिश. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलंय, त्यामुळे समुद्रातून पकडलेलाच घ्यायची गरज नाही.
- प्रवाळ : सगळ्यात शेवटी, टाकी काही महिने स्थिर राहिल्यावर. टाकीत वाढवलेल्याचाच तुकडा आणि कागदपत्रांसह. दुकानदार कागद दाखवत नसेल तर घेऊ नका.

पुढच्या वेळी दुकानात गेलात की किंमत विचारण्याआधी हा मासा कुठून आलाय ते विचारा. बहुतेक दुकानदार थोडे चमकतील, काही टाळाटाळ करतील. जो नीट सांगेल त्याच्याकडून घ्या. आणि कोकणात गेलात, ओहोटी असली, तर खडकांमधल्या एखाद्या डबक्यापाशी दहा मिनिटं नुसते बसा. हालचाल थांबली की खेकडे बाहेर येतात, पाण्यातली समुद्रफुलं उघडतात. फोटो काढा. डबकं तसंच भरलेलं ठेवून उठा.